गाडीपाशी आण्णा काय म्हणाले

आमच्या थोरल्या दादाला मुलगा झाला आणि आण्णांच्या डोक्यावर सोन्याचं फूल उधळलं, त्या सालची ही गोष्ट. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती, त्यामुळे सालं मी अशीच ध्यानात ठेवायची. पणतूचं तोंड बघितलं की पणज्याला स्वर्गाची वाट मोकळी होते म्हणतात. फूल तरी कसलं, आईच्या जुन्या डोरल्यातला एक मणी सोनारानं ठोकून चपटा केलेला. ते आण्णांच्या पागोट्यावरून घरंगळलं आणि पाळण्याखाली गेलं. अर्धं घर ओणवं होऊन ते शोधायला लागलं, तेव्हा आण्णा म्हणाले, "सावकाश शोधा. वाट मोकळी झाली म्हणून मी काय आजच निगालो न्हाई."

आण्णा म्हणजे माझे आजोबा, वडलांचे वडील. आम्ही सनगर, घोंगडी विणणारी माणसं. दाराशेजारच्या छपरात खड्ड्यातला माग होता, त्यात पाय सोडून आण्णा दिवस उगवल्यापासून बसलेले असायचे. घोंगडं घ्यायला कुणी आलं की ते आधी त्यातला दोष दाखवायचे. कुठं सूत तुटून गाठ पडली असेल, कुठं काठ एक बोटभर आत गेला असेल, ते बोट ठेवून दाखवायचे आणि मग म्हणायचे, "आता चांगलं काय हाय ते तुमचं तुमी बगा." वडील चिडायचे. पण दोष ऐकूनही गिऱ्हाईक घोंगडं घेऊन जायचं, म्हणून फार काही बोलायचे नाहीत.

दिवाळी सरली आणि त्याच कार्तिकात मला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील आणि मामा. मुलगा सातवी पास होता, एका दवाखान्यात कंपाउंडर होता. एवढं स्थळ आमच्या सात पिढ्यांत कुणाला आलं नव्हतं. मी सतराची होते आणि चार दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

मी सहा वर्षांची असताना मला गोवर आला, तो कानात उतरला. डावा कान तेव्हापासून गेला तो गेलाच. हे घरातल्यांनाच माहीत होतं. आईनं त्या दिवशी पाट असा मांडला की माझं डावं अंग भिंतीला लागलं आणि पाहुणे सगळे उजवीकडं आले. वडलांनी सकाळीच आण्णांना सांगितलं होतं, "आज तुमी मागावरनं उठू नका. हाक मारली तरच या."

"बरं," आण्णा म्हणाले होते.

मामांनी मला नाव विचारलं. सूत कातायला येतं का, भाकरी येते का, देवाचं काय येतं, सगळं विचारलं. माझं एकही उत्तर चुकलं नाही. मामा मुलाच्या वडलांना म्हणाले, "पोरगी मोजकं बोलती. आपल्या घरात सगळीच बोलणारी, एक तरी ऐकणारी पायजे." सगळे हसले. 

मग मामांनीच विषय काढला. "तुमच्या आण्णांच्या हातचं घोंगडं लई ऐकून हाय. एक बघू तरी."

वडलांचा नाइलाज झाला. त्यांनी हाक मारली. आण्णा धोतराला हात पुसत आले, खांद्यावर घडी होती. पाहुण्यांपुढं उलगडली आणि नेहमीप्रमाणं काठ हातात घेऊन म्हणाले, "हितं दोन सुतं तुटल्याली. गाठ मारलीया. आदी बगून घ्या."

मामांना मौज वाटली. "असा धंदा केल्यावर चालतंय कसं वो तुमचं?"

"चाललंय की. तीन पोरं जगवली."

"आणि न्हाई दावला दोष तर?"

"तर घोंगडं परत येतं," आण्णा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांना ते दिसलं, हे मी आजही शपथेवर सांगेन. तरी ते म्हणाले, "पोरीचंबी सांगून टाकतो. डाव्या कानानं तिला ऐकू येत न्हाई. गोवरानं गेला. बाकी पोरगी मोत्यावानी हाय."

मामांनी घोंगड्याची घडी घातली, चांगली चौकोनी घातली, आणि आण्णांच्या हातात दिली. मुलाच्या वडलांनी अर्धा चहा बशीतच ठेवला. आठ दिवसांनी निरोप आला, गुण जुळत नाहीत.

त्या दिवशी वडील पहिल्यांदा आण्णांवर ओरडले. "घोंगडं न्हवं ती. पोर हाय माजी."

"म्हणून तर सांगितलं. घोंगडं परत आलं तर मागावर टाकून ठेवता येतं. पोरगी परत आली म्हंजे?"

"तुमाला काय कळतंय का? आता पंचक्रोशीत म्हाईत झालं सगळ्यांना."

"झालं तर झालं. खोटं न्हाई ना झालं?"

मी चुलीपुढं बसून होते. त्या दिवसापासून मी आण्णांशी बोलणं टाकलं.

नुसतं बोलणं टाकलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी त्याहून वाईट केलं. आण्णा जवळ येऊन काही बोलायला लागले की मी मान वळवून डावा कान त्यांच्याकडं करायची आणि डोकं दुखतंय असं दाखवून उजव्यावर हात दाबून धरायची. घ्या, या कानाचं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत ना, मग बोला याच्याशी. आण्णांना ते कळायचं. जन्मभर सुताचा ताण बोटानं ओळखणारा माणूस, त्याला एवढं कळणार नाही? तरी ते बोलायचे. ओठ हललेले मला कोपऱ्यातून दिसायचे. बोलून झालं की थोडं थांबायचे आणि मागावर जाऊन बसायचे. आई म्हणायची, "मालन, म्हातारा माणूस हाय, पाप लागंल." मी म्हणायची, "त्यांनी केलं ते पुण्य काय?"

माघात दुसरं स्थळ आलं. येरळा नदीच्या पलीकडचं, आमच्याच धंद्यातलं. मुलगा शिकलेला नव्हता, घरचा माग होता. आईला मी स्पष्ट सांगितलं, "आण्णा घरात असले तर मी पाहुण्यांपुढं येणार न्हाई."

वडलांनी आण्णांना पाच घोंगडी बांधून दिली आणि म्हणाले, "उद्या बाजार करून या."

"उद्या कुटला बाजार?"

"असंल कुटंतरी."

आण्णांनी वडलांकडं बघितलं, मग आत माझ्याकडं. "मला वाटंला लावताय व्हय," ते म्हणाले. "लावा. जातो." आणि खरंच पहाटे गठडं खांद्यावर टाकून गेले. कुठं गेले, कुठं बसले, कुणी विचारलं नाही. अंधार पडताना परत आले तेव्हा माझी सुपारी फुटली होती. घोंगडी पाचच्या पाच तशीच होती.

वैशाखात लग्न झालं. आमच्या दारातच मांडव होता. निघायची वेळ झाली, बैलगाडी जुंपली. माझा पदर आणि ह्यांचं उपरणं यांची गाठ मारलेली, त्यामुळं हे माझ्या उजव्या अंगाला अगदी खेटून उभे. सनई आणि ताशाचा एकच कल्लोळ. आईच्या गळ्यात पडले, वडलांच्या पाया पडले, दादाच्या पोराचा मुका घेतला. आणि मग आण्णा पुढं आले.

मी त्यांच्या पायाला हात लावला, लोक बघत होते म्हणून. उठले आणि मान उजवीकडं वळवली. उजव्या कानावर पदर ओढून घट्ट धरला. सहा महिन्यांची सवय होती, हात आपोआप गेला. आण्णा जवळ आले, वाकले आणि माझ्या डाव्या कानाशी बोलले. चांगलं बराच वेळ बोलले. त्यांच्या श्वासाची ऊब गालाला लागत होती, तंबाखूचा वास येत होता. मी गाडीच्या चाकाकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, काढला, आणि गाडी हलली.

सासरी मी पहिल्या दिवसापासून चोरासारखी राहिले. कान कळला की आपण परत जाणार, एवढंच डोक्यात. सासूबाई कडक नव्हत्या, पण त्यांचा आवाज बारीक. मी कायम त्यांच्या डाव्या हाताला राहायची, म्हणजे त्या माझ्या उजवीकडं यायच्या. कुणी मागून हाक मारेल म्हणून दर थोड्या वेळानं मागं वळून बघायची. नणंद म्हणायची, "वैनी, तुमच्या मागं कोण लागलंय का?" एकदा सासूबाई डावीकडून दोनदा बोलल्या आणि मला कळलंच नाही. "ध्यान कुठं हाय?" म्हणाल्या. "माहेरात," मी म्हटलं, आणि त्यांना बिचारीला खरं वाटलं.

ह्यांचं मात्र बरं होतं. जेवायला बसले, सूत उकलायला बसले, रानातून येताना बरोबर चालले, तरी हे कायम माझ्या उजव्या अंगाला. आल्यावर चौथ्या दिवशी ह्यांनी माझा चरखा उचलून दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवला. "हितं उजेड बरा हाय," म्हणाले. तिथं बसल्यावर दार माझ्या उजवीकडं आलं. मी मनात म्हटलं, देवानं आपल्यावर नजर ठेवली आहे.

नागपंचमीला दोन दिवस माहेरी आले. आण्णा वाळले होते. मागावरचा हात थांबवून त्यांनी विचारलं, "पोरी, बरी हाईस का तिकडं?" दारात शांत होतं, हे मला नीट ऐकू आलं. मी मान वळवली आणि कानावर हात ठेवला. आण्णा परत मागाकडं वळले. मग आईला म्हणाले, "अजून राग हाय तिचा. असू दे."

मार्गशीर्षात एके सकाळी आमच्या गावचा एक माणूस सायकलवरून आला. ह्यांना बाजूला घेऊन काही बोलला आणि पाणीसुद्धा न पिता परतला. हे आत आले. "आण्णांना बरं न्हाई. चल."

असा निरोप म्हणजे काय, हे मोठ्यांना कळतं. मला कळलं नाही, किंवा मी कळून घेतलं नाही. पाच कोस चालायचं होतं. मी ह्यांच्या पुढं पुढं चालत होते. येरळेला गुडघाभर पाणी होतं. ते ओलांडून पलीकडच्या वाळूत आलो. मी खाली बसले.

"दम खा जरा," हे म्हणाले.

"मी वरीसभर त्यांच्याशी बोलले न्हाई."

"कुणाशी? आण्णांशी?" ह्यांना खरंच नवल वाटलं. "का?"

आता ते सांगायचं तर कानाचं सांगावं लागणार होतं. मला वाटलं, जाऊ दे. टाकायची तर टाकतील, आज आपण माहेरीच निघालोय. मी वाळूकडं बघून म्हटलं, "माजा डावा कान गेलाय. मला त्या कानानं ऐकू येत न्हाई. तुमाला फसवलंय आमी."

"म्हाईत हाय की," हे म्हणाले.

मी वर बघितलं.

"लग्नाच्या आदी आठ दिवस आण्णा आलते आमच्याकडं. तुला न्हाई म्हाईत?"

"न्हाई."

"मी गल्लीत ताणा पसरून खळ देत हुतो." चिंचोक्याची खळ ताण्याला, म्हणजे मागाच्या उभ्या सुतांना, लावायला घेतली की मध्ये थांबता येत नाही, वाळते. दोन माणसं दोन टोकांनी कुंचा फिरवत येतात. "एकलाच हुतो त्या दिवशी. ह्ये म्हातारं रस्त्यानं आलं, गठडं खाली ठेवलं, दुसरा कुंचा घेतला आन पलीकडच्या टोकानं लावायला लागलं. नाव न्हाई, गाव न्हाई. मला वाटलं, हाय कोणतरी आपल्यातला. मधी गाठ पडली तवा म्हणाले, मी मालनचा आजा."

"मग?"

"म्हणाले, नातीला माझ्या डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. घरच्यांनी तुला सांगितलं न्हाई, ती काय वाईट माणसं न्हाईत, भ्याली हाईत. तुला मोडायचं असंल तर आज मोड. मी घरी माजंच कायतरी वाकडं सांगीन, पोरीवर बोल येऊ देणार न्हाई."

"तुमी काय म्हणाला?"

"मी म्हटलं, खळ वाळाया लागली, कुंचा चालवा."

मी हसले की रडले, मला आठवत नाही.

"ताणा हुईस्तोवर आमी दोगंबी बोललो न्हाई," हे म्हणाले. "मग मी इचारलं, तिच्या कुटल्या अंगाला बसायचं? उजव्या, म्हणाले. भाकरी खाऊन जावा म्हटलं तर थांबले न्हाईत. घरी कुणाला ठाव न्हाई म्हणाले, दिवस हाय तवर परत जायचंय."

"मग मला का न्हाई बोलला तुमी? सात महिनं मी जीव मुठीत धरून ऱ्हायलीया."

हे म्हणाले, "मला वाटलं, तुला ठाव हाय. मला ठाव हाय म्हणून तुला ठाव हाय. तू त्यो विषय काडत न्हाईस म्हंजे तुला आवडत न्हाई, म्हणून मीबी काडला न्हाई. आन आण्णांनी तुला सांगितलं न्हवं का?"

"कवा?"

"गाडीपाशी. मी तर हुबाच हुतो तितं, गाठ मारून. समदं ऐकलं मी."

ताशाचा आवाज आणि गाडीचं चाक, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं आलं.

"काय म्हणाले?"

"तुला न्हाई ऐकू आलं?"

मी नुसती मान हलवली. हे वाळूत बसले, माझ्या उजव्या अंगाला, आणि मग एकेक आठवून सांगितलं.

"म्हणाले, पोरी, ह्याला मी समदं सांगितलंय. त्यानं हूं म्हटलंय. तितं भिऊन ऱ्हाऊ नगंस. कुणी हाक मारली आन कळली न्हाई, तर सरळ सांग, ऐकू आलं न्हाई म्हणून. मग म्हणाले, त्या पाव्हण्यांपुढं तू मान हलीवल्याली मी बगितली हुती, तरी बोललो. तुजा राग खरा हाय. धर माज्यावर राग, पायजे तेवडा धर. पर एक डाव कुणाच्या तरी हाती सांगून धाड, मी बरी हाय म्हणून. तेवड्यानं मला झोप लागंल."

पंचमीला त्यांनी तेच विचारलं होतं.

पुढचे दोन कोस मी कशी चालले सांगता येत नाही. गावाच्या वेशीत आलो तर आमच्या दारात माणसं बसलेली लांबूनच दिसली. ह्यांनी माझा दंड धरला, चारचौघांत, तेव्हा असं कुणी धरत नसे.

आण्णांना ओसरीवर ठेवलं होतं, भिंतीला टेकवून. आमच्यात गेलेल्या माणसाला असंच बसवतात. पागोटं नीट बांधलं होतं. मला बघून बायकांनी वाट दिली. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "आण्णा, मी बरी हाय. लई बरी हाय." दोनदा म्हटलं. मला स्वतःचा आवाज केवढा येतो ते नीट कळत नाही, तो मोठा आला असावा.

माझी चुलती मला मागं घेत म्हणाली, "अगं, आता काय ऐकत्यात ते."

आईनं सांगितलं, रात्री व्यवस्थित जेवले होते. सकाळी ताणा मागावर चढवायला दादाला हाक मारली, आणि दादा येईपर्यंत मागाच्या खांबाला टेकून बसले होते, तसेच राहिले.

तिथी दादानं मागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली होती. अक्षरं शिकून ती वाचायला मला पुढं तेहतीस वर्षं लागली. माझे आजोबा सिद्राम गणू लोकरे मार्गशीर्ष वद्य नवमीला, गुरुवारी, सन एकोणीसशे बासष्ट साली सकाळी वारले. आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती.